पेटंट १९०५ चं, छोट्या गाडीत टर्बो १९८० नंतर: मधली पंचाहत्तर वर्षं काय चाललं होतं?



मागच्या लेखात आपण साहित्याचा आढावा कसा घ्यायचा ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांची तक्रार एकच होती. अमक्याने अमक्या साली शोध लावला, तमक्याने तमक्या साली सुधारणा केली, असं सगळं लिहून गाईडकडे नेलं की गाईड विचारतात, "बरं, मग?" आणि आपल्याकडे उत्तर नसतं. आज त्या "मग?"बद्दल बोलू. उदाहरण मोटारीचं घेतलंय. गाड्यांची आवड नसली तरी शेवटपर्यंत वाचा, कारण मुद्दा मोजमापाचा आहे आणि तो तुमच्या प्रयोगशाळेतही येऊन धडकणार आहे.

आम्ही कांजूरमार्गला राहतो. आमच्या इमारतीतल्या एका मित्राने वडिलांच्या जुन्या मारुती ८०० ला घरच्या घरी टर्बो बसवायचं ठरवलं. मित्र मेकॅनिकल डिप्लोमावाला, हात चांगला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून त्याने एका छोट्या डिझेल गाडीचा टर्बो आणला. ओळखीच्या वेल्डरकडून बेंड पाईप करून घेतले. दोन रविवार पार्किंगमध्ये बॉनेट उघडं, खाली पुठ्ठे, आणि आजूबाजूला आमच्यासारखे फुकटचे सल्लागार. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी गाडी चालू झाली. खरं सांगतो, मजा आली. चढावर धापा टाकणारी ८०० एकदम तरुण झाली होती.

तीन आठवड्यांनी हायवेवर इंजिनातून खडखडाट यायला लागला आणि सायलेन्सरमधून निळा धूर. हेड उतरवलं तेव्हा एका पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटलेली निघाली. हाफ इंजिनचं काम निघालं. वडील चिडले ते वेगळंच.

मित्राचं म्हणणं, "पार्ट जुना होता, नशीब खराब." मला ते पटलं नाही. मी वाचायला लागलो आणि लक्षात आलं की तीन आठवड्यांत त्याच्या गाडीत जे झालं, तेच सगळ्या जगात पंचाहत्तर वर्षं चाललं होतं.

आधी थोडं विज्ञान

८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा सगळे सिलिंडर भरतात. म्हणजे मिनिटाला ५००० फेऱ्यांवर ते जास्तीत जास्त २००० लिटरच्या आसपास हवा ओढू शकतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या डोळ्यांसमोर आणा. एका मिनिटात तेवढी हवा. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण फिल्टर, नळ्या आणि व्हॉल्व अडवतात.

पेट्रोल जाळायला हवा लागते, वजनाने साधारण १४.७ पट. म्हणून ताकद वाढवायची तर खरा प्रश्न पेट्रोलचा नसतो. पेट्रोल वाटेल तेवढं ओतता येतं. अडतं ते हवेपाशी. इंजिन मोठं करा, जोरात फिरवा, नाहीतर त्याच सिलिंडरमध्ये हवा दाबून भरा. तिसरा मार्ग म्हणजे टर्बो. इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे वाया जातो. त्या गरम वायूवर एक छोटी चक्री फिरवायची, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला पंखा, आणि तो पंखा हवा दाबून इंजिनात ढकलणार. फुकटची ताकद वाटते.

पण फुकट काही नसतं. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना खालचं टोक गरम होतं ना, तेच. समजा बाहेर ३० अंश सेल्सिअस आहे आणि टर्बोने दाब दीडपट केला. पंखा १०० टक्के कार्यक्षम असता तरी हवा ६७ अंशांच्या आसपास गेली असती. खरा पंखा ६५ टक्के कार्यक्षम धरला तर ती ८७ अंशांवर जाते. तापलेली हवा फुगते, म्हणजे तिची घनता कमी होते. हिशेब केला तर दाब दीडपट होऊनही हवेचं वस्तुमान भरतं फक्त सव्वापटीच्या थोडं वर. उरलेल्या दाबाची नुसती उष्णता झाली. आणि ती उष्णता तशीच सिलिंडरमध्ये शिरते. मधे हवा थंड करणारा इंटरकूलर लावतात तो याचसाठी.

आता नॉकिंग. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की ज्योत एका बाजूने दुसऱ्या बाजूला शांतपणे सरकत जायला हवी. पण मिश्रण आधीच खूप दाबलेलं आणि तापलेलं असेल तर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं. दाबाच्या लाटा सिलिंडरभर आपटतात आणि टणटण आवाज येतो. मेकॅनिक म्हणतात, "गाडी नॉक करतेय." थोडं नॉकिंग इंजिन सोसतं. जास्त झालं की पिस्टनची कड तुटते. आमच्या मित्राची तुटली, तशीच.

आता सनावळी, पण जरा वेगळ्या नजरेने

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी वाया जाणाऱ्या धुरावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. बहुतेक निबंध इथूनच सुरू होतात. पुढची ओळ असते: १९२५ मध्ये ब्यूखी यांनी दहा सिलिंडरच्या जहाजी डिझेल इंजिनांवर टर्बो यशस्वी केला आणि ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर नेली. इथे थांबा आणि विचारा: मधली वीस वर्षं कुठे गेली? आणि पहिलं यश डिझेललाच का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं धातूंमध्ये आहे. ती चक्री लालबुंद धुरात फिरते. टिकणारी पाती, तग धरणारे बेअरिंग आणि कार्यक्षम पंखा जमायला वेळ लागला.

दुसऱ्याचं उत्तर नॉकिंगमध्ये आहे. डिझेल इंजिन दाबतं ती नुसती हवा. इंधन अगदी शेवटी सोडलं जातं. आधीच पेट घ्यायला मिश्रणच नसतं. म्हणून डिझेलला जास्त हवा मानवते. पेट्रोलला नाही.

मग विमानं. विमानं तर पेट्रोलवर चालायची, त्यांना टर्बो कसा जमला? १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेतल्या पाइक्स पीक या ४३०० मीटर उंच डोंगरावर एक लिबर्टी विमान इंजिन नेऊन चाचणी घेतली. समुद्रसपाटीजवळ साधारण ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन शिखरावर २३० पर्यंत घसरलं. टर्बो लावल्यावर ३५६ झालं. आकडे नीट बघा. मॉस यांनी इंजिनाला जास्तीची हवा दिली नाही. उंचीवर हरवलेली हवा परत दिली. सिलिंडरमधला दाब खाली जेवढा असतो तेवढाच ठेवला. कांजूरमार्गात, समुद्रसपाटीला, आमचा मित्र मात्र निसर्ग देतो त्याहून जास्त मागत होता. "टर्बो" हा शब्द दोन्हीकडे सारखा, पण इंजिनाला विचारलेला प्रश्न वेगळा. आढाव्यात असे दोन प्रश्न एका शब्दाखाली मिसळले की गडबड होते.

रोजच्या मोटारीत टर्बो आला १९६२ मध्ये. अमेरिकेत त्या वर्षी दोन गाड्या निघाल्या, शेव्हर्लेची कोर्व्हेअर मॉन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबिलची जेटफायर. जेटफायरची गोष्ट मला सगळ्यात आवडते. तिच्या अभियंत्यांना नॉकिंग येणार हे ठाऊक होतं, कारण इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो १०.२५ इतका जास्त होता. म्हणून त्यांनी एक वेगळी टाकी दिली. तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण. टर्बो जोरात आला की ते थोडं थोडं आत सोडायचं, मिश्रण थंड राहणार, नॉकिंग टळणार. कागदावर उत्तम. टाकी रिकामी झाली तर दाब कमी करणारी सोयही होती. पण लोक टाकी भरायला विसरायचे. गाडी मंद वाटायची, तक्रारी यायच्या. जेटफायर दोनच वर्षं चालली, दहा हजारही बनल्या नाहीत, आणि १९६५ मध्ये कंपनीने मालकांना टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली. म्हणजे विज्ञान बरोबर होतं, पण रोज टाकी बघणारा माणूस त्यात गृहीत धरला होता. तो माणूस नव्हता.

१९७३ मध्ये बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो आली आणि तेलसंकटात सापडली. १६७२ गाड्यांवर संपली. १९७७ मध्ये साबने ९९ टर्बो दाखवली आणि तिथे विचार बदलला. साबने टर्बो लहान घेतला, म्हणजे तो कमी फेऱ्यांवरच जागा होईल. आणि वेस्टगेट नावाची झडप वापरली, म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोचला की जादा धूर चक्रीला वळसा घालून निघून जाईल. जोराचा हव्यास सोडून दाबावर ताबा. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साबने इंजिनावर नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवला. इंजिन टणटणायला लागलं की ड्रायव्हरला कळायच्या आत दाब कमी व्हायचा. रोज टाकी बघणारा माणूस मिळाला नाही, म्हणून सतत कान देणारं यंत्र बसवलं. टर्बो छोट्या, स्वस्त गाड्यांत सर्रास आला तो याच दशकात.

म्हणजे मधल्या पंचाहत्तर वर्षांत टर्बो अडला होता तो कल्पनेपाशी नाही. तो पाती, इंधन आणि मुख्य म्हणजे मोजमापापाशी अडला होता. सिलिंडरमध्ये या क्षणी काय चाललंय हे कळेपर्यंत जास्तीची हवा देणं म्हणजे अंधारात पाऊल टाकणं होतं.

मित्राच्या गाडीत नेमकं काय झालं

हे कळल्यावर मी परत मित्राकडे गेलो. त्याची ८०० एमपीएफआय. किती पेट्रोल सोडायचं हे तिचा संगणक ठरवतो, आणि त्यासाठी आत येणाऱ्या हवेचा दाब एका सेन्सरवरून वाचतो. कंपनीने तो सेन्सर टर्बो नसलेल्या इंजिनासाठी निवडलेला. अशा इंजिनात तो दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वर जातच नाही, म्हणून सेन्सरची पट्टीही तिथेच संपते. टर्बोने दाब त्याच्या वर नेला. सेन्सर टोकाला चिकटून बसला. संगणकाला वाटलं हवा तेवढीच आहे, त्याने पेट्रोल तेवढंच सोडलं. ठिणगीची वेळही जुनीच. हवा जास्त, पेट्रोल कमी, तापमान वर, आणि नॉकिंग.

थोडक्यात, टर्बो सुरू होता आणि आकडा स्थिर होता. आकडा स्थिर होता म्हणून सगळं ठीक वाटत होतं.

तुमच्यापैकी जे प्रयोग करतात त्यांनी ही ओळ परत वाचा. आलेख सपाट झाला म्हणजे राशी स्थिर झाली असं नसतं. कधीकधी मोजणारं यंत्रच संपलेलं असतं. माझ्या पहिल्या वर्षीच्या नोंदींत अशी एक सुंदर सपाट रेघ आहे. मी तिच्यावर दोन पानं विवेचन लिहिलं होतं. डिटेक्टर भरून गेला होता, बस.

जपानमधली जुळी बहीण

"पण जपानमध्ये तर अशा गाडीला टर्बो होता," हा मित्राचा मुद्दा बरोबर आहे. १९८६ नंतरची आपली ८०० ही सुझुकीच्या त्या काळच्या अल्टोचंच भावंड. जपानमध्ये त्या अल्टोला १९८५ मध्ये टर्बो मिळाला आणि १९८७ मध्ये अल्टो वर्क्स आली: ५४३ सीसी, ६४ अश्वशक्ती. आपलं ७९६ सीसीचं इंजिन चाळिशीच्या आसपास. म्हणजे दोनतृतीयांश आकाराचं इंजिन आपल्या दीडपटीहून जास्त ताकद देत होतं. तिथल्या कंपन्यांनी मग त्या वर्गाच्या गाड्यांसाठी ६४ अश्वशक्तीचीच मर्यादा आपसात मान्य केली.

पण वर्क्समध्ये नुसता टर्बो नव्हता. बारा व्हॉल्वचं, दोन कॅमशाफ्टचं हेड होतं, इंटरकूलर होता, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन होतं. बाजारातून आणलेला पार्ट त्या सगळ्या यादीतला एक शब्द आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रातलंच उदाहरण हवं तर पुण्याची इंडिका घ्या. १९९८ ची टाटा इंडिका १४०५ सीसीच्या डिझेल इंजिनावर ५३ अश्वशक्तीच्या आसपास द्यायची. त्याच इंजिनाला पुढे टर्बो लावून आकडा साठीपार गेला, इंटरकूलर जोडल्यावर सत्तरीला पोचला. सीसी तेवढेच. वरचा दाबाचा आणि घनतेचा हिशेब आठवा, तोच इथे रस्त्यावर दिसतो. आणि पुन्हा डिझेल, पेट्रोल नंतर.

मुंबईची खरी परंपरा

घरगुती बदल म्हटलं की आपल्याला वेग आठवतो. मुंबईचा इतिहास वेगळा आहे. कांजूरमार्गावरून जाणारा एलबीएस मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, धरून दक्षिणेला गेलात की कुर्ला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथेच होता. १०८९ सीसीची फियाट, पुढची पद्मिनी, तिथली. तिच्या टॅक्सींवर गॅरेजवाल्यांनी जेवढे प्रयोग केले तेवढे क्वचितच कुठल्या गाडीवर झाले असतील, आणि ते पैसे वाचवायला. काहींना डिझेल इंजिनं बसली. पुढे धुराविरुद्धच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश आले आणि जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या.

गंमत बघा, सीएनजी म्हणजे टर्बोच्या उलट व्यवहार. गॅस सिलिंडरमध्ये स्वतःच जागा खातो, मिश्रणाच्या जवळपास दहावा हिस्सा. तेवढी हवा कमी, तेवढी ताकद कमी. पण गॅस नॉकिंगला पेट्रोलपेक्षा खूपच कमी दाद देतो. या तडजोडीवर हजारो घरं चालली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्या गॅरेजवाल्यांना कुठला स्क्रू किती फिरवायचा ते हाताला ठाऊक होतं. ते कुणी लिहून ठेवलं नाही. ज्यांना तंत्रज्ञानाच्या इतिहासात काम करायचंय, त्यांच्यासाठी हा विषय अजून मोकळा आहे, आणि ती माणसं म्हातारी होत चालली आहेत.

कायदा काय म्हणतो

हे सांगायलाच हवं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असे बदल मालकाने करायचे नाहीत. मान्यताप्राप्त किट लावून इंधन बदलायला, म्हणजे सीएनजीसारख्या बदलाला, त्यातच वाट ठेवली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आमच्या मित्राची गाडी रस्त्यावर यायलाच नको होती. हे त्याला आता मान्य आहे.

पण कायद्याचा एक परिणाम संशोधकाने लक्षात घ्यावा. जे लपवून करावं लागतं त्याची नोंद राहत नाही. प्रत्येक नवा मुलगा तीच कड नव्याने तोडतो.

मग, "मग?"चं उत्तर

पहिलं: सनावळीत दोन सालांमधली फट शोधा. १९०५ आणि १९८० ही माहिती झाली. मधे काय कमी पडत होतं, हा संशोधनाचा प्रश्न झाला.

दुसरं: साधनं निवडताना त्यांचा स्वभाव ओळखा. पेटंट सांगतं शोधकाला काय हवं होतं. जाहिरात सांगते कंपनीला काय विकायचं होतं. काय बिघडलं हे कळायचं असेल तर दुरुस्तीच्या सूचना आणि परत आलेल्या गाड्यांच्या गोष्टी वाचा. जेटफायरचा टर्बो काढून कार्बोरेटर बसवला, या एका गोष्टीत तिच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त इतिहास आहे.

तिसरं: एक गोष्ट बदलायच्या आधी, तो बदल मोजू शकेल असं यंत्र आपल्याकडे आहे का ते बघा. पट्टी कुठे संपते ते आधी माहीत हवं.

मित्राने ८०० परत मूळ स्वरूपात आणली. वडील तिच्यातून बाजारात जातात. टर्बो त्याने फेकला नाही. गॅरेजमधून एक भंगार इंजिन आणून स्टँडवर बसवायचं त्याच्या डोक्यात आहे, रस्त्यावर न नेता. परवा भेटला तेव्हा हातात जास्त पट्टीचा दाबाचा सेन्सर होता आणि खिशात शंभर पानी वही. वहीच्या पहिल्या पानावर तारीख आणि त्या दिवशीचं तापमान लिहिलेलं होतं. बाकी पान कोरं.

पुढच्या लेखात कॅलिब्रेशनबद्दल. तोपर्यंत तुमच्या विषयातली एक फट शोधून ठेवा.